थंडीने नाही, ओलीने

शेजारचे आजोबा आज बर्फात गुडघे टेकून मधपेटीला कान लावून बसले होते. उणे १८! मिनेसोटातला फेब्रुवारी, दुसरं काय. खुणेनं मलाही बोलावलं. कान लावला, तर आत बारीक, सलग गुणगुण.

हिवाळाभर झोपून राहत नाहीत या माश्या. राणीला मध्ये घेऊन एकमेकींना बिलगतात आणि पंख न हलवता उडायचे स्नायू थरथरवत राहतात. अळ्या वाढत असतील तर गोळ्याच्या गाभ्यात ३४-३५ अंश! सरपण म्हणजे साठवलेला मध. कडेच्या माश्या आत सरकतात, आतल्या बाहेर येतात. नरांना मात्र हिवाळ्याआधीच हाकललेलं असतं. (हे नवऱ्याला सांगितलं. तो भांडी घासायला उठला.)

मी म्हटलं, पेटी नीट बंद करून गुंडाळा ना. आजोबा म्हणाले, "थंडीने कमी मरतात, ओलीने जास्त."

माश्यांच्या उबेची वाफ थंड झाकणाला लागते, थेंब होऊन त्यांच्याच अंगावर पडते. भिजलेली माशी मग गारठते. म्हणून वरच्या बाजूला मुद्दाम एक भोक ठेवलेलं. एवढ्या थंडीत भोक! काळजी म्हटलं की आपला हात आधी खिडकी लावायलाच जातो.

दिवसभर तेच डोक्यात. आपल्या सह्याद्रीतल्या सातेरी माश्यांचा कठीण काळ पावसाळा. फुलोरा कमी, बाहेर पडायची सोय नाही, मग साखरेचा पाक द्यावा लागतो. तिथल्या ओलीचं काय करतात? महाबळेश्वरकडचं कुणी पेट्या सांभाळणारं आहे का इथे?