तुम्ही विचारलंत म्हणून

"मैफलीत बडबड करणाऱ्यांना तुम्ही न भांडता गप्प कसे करता?" हा प्रश्न मला शहापुरात भाजी घेतानासुद्धा विचारला जातो. बेळगावातील लहानमोठ्या मैफलींत मी सतरंज्या अंथरतो आणि दाराशी उभा राहतो, एवढाच माझा अधिकार. तरी विचारलेत म्हणून सांगतो.

सुरुवातीला मी भांडतच असे. एकदा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल चालू असताना मागे दोन गृहस्थ प्लॉटच्या भावावर बोलत होते. मी उभा राहून जोरात "शूऽऽ" केले, तेव्हा सारे सभागृह गायकाला सोडून माझ्याकडे पाहू लागले. त्या दोघांतील एक कन्नड भाषिक होते, आणि मराठीत दटावल्यामुळे आवाजाचा साधा प्रश्न क्षणात भाषेचा झाला. आमच्या सीमाभागात त्याला वेळ लागत नाही. आता मी शेजारी जाऊन बसतो आणि समोरच्याच्या भाषेत हळूच म्हणतो, "सर, स्वल्प होरग बर्री", म्हणजे जरा बाहेर येता का. बाहेर चहा असतो, प्लॉटचा व्यवहार तिथे सुखाने पुरा होतो.

मात्र वेळ पाहावी लागते. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांच्या एका आवर्तनाला मिनिटभरही लागू शकते, आणि दोन मात्रांमधल्या त्या मोकळ्या जागेत कुजबूजसुद्धा पहिल्या रांगेपर्यंत पोहोचते. मग माझी कुजबूज तरी कशी चालेल? म्हणून तबलजीने हातोडी उचलून तबला मिळवायला घेतला, की मी जागेवरून हलतो.

फर्माईश ओरडणाऱ्यांपुढे मी कागद-पेन्सिल धरतो आणि चिठ्ठी मध्यंतरात आत पोहोचवतो. भैरवी मैफलीच्या शेवटी गातात, म्हणून अर्ध्या तासातच "भैरवी!" म्हणणाऱ्याला मात्र, "काका, घरी जायची घाई आहे का?" असे विचारण्याचा मोह मला आवरत नाही. प्यायलेल्या माणसापुढे यातले काहीच चालत नाही, तिथे त्याच्याबरोबर आलेल्या मित्रालाच हाताशी धरावे लागते.

सर्वांत अवघड असतात ते जाणकार. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ मध्ये इथल्याच सुळेभावीत झाला, त्यामुळे गाणे आपल्याला उपजतच कळते अशी आमच्याकडे अनेकांची खात्री असते. असेच एक आजोबा खुर्चीच्या लोखंडी हातावर अंगठीने ताल धरीत, टक्, टक्, आणि तोही तबल्याच्या किंचित पुढे. त्यांना थांबवणे म्हणजे त्यांचा आनंदच हिरावून घेणे होते. मी बोललो नाही. माझा पंचा चौघडी करून त्यांच्या हाताखाली सरकवला. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा पंच्याकडे पाहिले आणि ताल चालू ठेवला, पण आवाज बंद झाला.

पुढच्या मैफलीला ते घरूनच टॉवेल घेऊन आले, आणि शेजारचा चुळबुळ करताच इतक्या मोठ्याने "शूऽऽ" केले, की मला पुन्हा उठावे लागले.