१४० फूट भिंत आणि मी

आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी झाले, त्याचं कारण एवढंच की मीटिंगला दहा मिनिटं उशिरा पोचले. जे हजर होते त्यांनी तोवर ठराव करून टाकला होता. पहिल्याच रविवारी खजिनदार काकांनी मला खाली नेऊन कंपाउंडची भिंत दाखवली. रस्त्याकडची बाजू, १४० फूट. खाली कमरेइतका घडीव काळा दगड, वर गिलावा. चौदा वर्षं तिच्या शेजारून रोज स्कूटर काढत होते, पण भिंत कधी वाचली नव्हती. त्या दिवशी वाचली. बोअरवेल, मूळव्याधीवर बिनऑपरेशन इलाज, दहावी-बारावीचे क्लास, पॅकर्स अँड मूव्हर्स, एका पक्षाचं चिन्ह, 'भाऊंना वाढदिवसाच्या' आणि त्यापुढच्या शुभेच्छा ओघळाने खाल्लेल्या. दगडावर चंदेरी स्प्रेने काढलेली तीन वेटोळी अक्षरं होती, ती कुठल्याच भाषेतली नव्हती.

"दोन हात पांढरा मारून टाकू," काका म्हणाले. मीही मान डोलावली.

२०२४ चा मे महिना होता. पेंटर आला, वरवर खरवडलं, पांढरं डिस्टेंपर फासलं आणि गेला. बोअरवेलचा नंबर लाल ऑइलपेंटने छापलेला होता. तो दुसऱ्याच दिवशी पांढऱ्यातून गुलाबी होऊन वर आला, आधीपेक्षा छान वाचता येईल असा. ऑइलपेंटवर थेट डिस्टेंपर टिकत नाही; आधी पॉलिश पेपरने घासायचं, मग अस्तराचा हात, मग रंग, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघाले तर भिंतीच्या दोन्ही टोकांना गेरूने एकच शब्द लिहिलेला: 'राखीव'. मध्ये एक लांबलचक बाण आणि पक्षाचं नाव. भिंतीवर लिहिणाऱ्यांचा हा रिवाजच आहे. आधी येऊन चुना मारायचा, 'राखीव' लिहायचं, आणि मग सवडीने मजकूर रंगवायचा. आम्ही त्यांचा चुन्याचा खर्च वाचवला होता.

मग पालिकेत अर्ज. महाराष्ट्रात यासाठी १९९५ सालचा मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा आहे. स्वतः किंवा दुसऱ्याकडून विद्रूपण करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोकांच्या नजरेला पडणारी खाजगी भिंतही त्यात येते, हे महत्त्वाचं, कारण मला प्रत्येक टेबलावर एकच वाक्य ऐकवण्यात आलं: "मॅडम, खाजगी भिंत आहे ना, मग तुम्हीच पुसा." शहराचं नाव मुद्दाम घेत नाही. परवाना विभागाने अतिक्रमणकडे पाठवलं, अतिक्रमणने सफाईकडे, सफाईवाल्या साहेबांनी पुन्हा परवान्याकडे. या फेऱ्यांतून एक शिकले: अर्ज दोन प्रतींत न्यायचा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, आणि सोबत तारीख दिसेल असा फोटो जोडायचा. शिक्के चार जमले. भिंत होती तशीच.

जून-जुलै असाच गेला. मग एका दुपारी वैतागून मी सरळ बोअरवेलवाल्यालाच फोन लावला. नंबर तर भिंतीवर होताच.

"बोला मॅडम, किती फूट मारायचंय?"

"एकशेचाळीस फूट. आडवं. आमच्या भिंतीवर तुम्ही मारलेलं पुसायचंय."

तो आधी हसला. मग म्हणाला, की आपण फक्त पैसे दिले, छापणारा पोरगा रात्री स्टेन्सिल घेऊन फिरतो, कुठे मारतो ते त्यालाच ठाऊक. मी कायद्यातलं 'दुसऱ्याकडून' वाचून दाखवलं. त्यावर तो गप्प झाला. शेवटी मी सांगितलं, आमच्या सोसायटीच्या बोअरची मोटर काढायची आहे, पण असं भिंत खराब करणाऱ्याला काम द्यायला कमिटी तयार होणार नाही. रविवारी सकाळी तो पोरगा आणि एक लिटर थिनर घेऊन हजर. थिनरने लाल रंग निघाला थोडा, आणि उरलेला गिलाव्यात अजून खोल मुरला. तरी माणूस आला याचंच मला अप्रूप. मोटरचं काम त्यालाच दिलं. क्लासवाल्या सरांनीही फोनवर "सॉरी ताई" म्हणत पेंटर पाठवला. मूळव्याधवाला मात्र शेवटपर्यंत फोनवर मला पेशंटच समजत राहिला.

राजकीय मजकुराला असा फोन नंबर नसतो. तो गेला १५ ऑक्टोबरनंतर. त्या दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. तिची घड्याळं वेगळी: सरकारी मालमत्तेवरचा मजकूर २४ तासांत, सार्वजनिक मालमत्तेवरचा ४८ तासांत आणि खाजगी मालमत्तेवरचा विनापरवाना मजकूर ७२ तासांत हटवायचा. मी निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर तक्रार केली. तिथे गॅलरीतला जुना फोटो चालत नाही, जागेवर उभं राहूनच काढावा लागतो. १०० मिनिटांत दखल घेण्याची त्यांची पद्धत. चार महिने चार शिक्के घेऊन जे हललं नव्हतं, त्यासाठी संध्याकाळी टेम्पोतून चार माणसं उतरली, बादलीत चुना कालवला आणि झाडूसारख्या कुंचल्यांनी 'राखीव'सकट सगळं चिन्ह झाकलं. मी त्यांना चहा पाजला. पुढच्या आठवड्यात परतीचा पाऊस जोरात झाला आणि चुन्याखालून चिन्ह हसत बाहेर आलं. पण तोवर मला धीर आला होता. निवडणूक संपेपर्यंत तरी नवीन कुणी लिहिणार नव्हतं, म्हणजे नीट काम करायला महिनाभर मोकळा मिळाला.

यावेळी पेंटरच्या डोक्यावर मी उभी राहिले. ऑइलपेंटचे सगळे डाग घासून काढले, लांबी (पुट्टी) भरली, अस्तर, मग बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग. पांढरा नाही, ओल्या मातीसारखा काळपट तपकिरी. काकांना तो 'गोडाऊनसारखा' वाटला. मला हवा तसाच होता: त्यावर गेरू उठत नाही, निळाही उठत नाही, आणि पांढऱ्याने लिहायचं तर दोन-तीन हात लागतात. रात्री घाईत लिहिणाऱ्याला तेवढी उसंत कुठली.

दगडाचं प्रकरण मात्र स्वतंत्र. त्या चंदेरी अक्षरांना पेंटरने तारेचा ब्रश लावला आणि मी ओरडेपर्यंत वीतभर दगडावर पांढरे ओरखडे उठले होते. ते अजून आहेत, अक्षरांपेक्षा जास्त दिसतात. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून पेंट रिमूव्हरचं जेल आणलं. जाड थर द्यायचा, वाळू नये म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचा, वीस-पंचवीस मिनिटांनी कागद काढला की रंग सुरकुतून साईसारखा वर आलेला असतो. लाकडी पट्टीने तो अलगद ओढायचा, नायलॉनच्या ब्रशने घासायचं, पाण्याने धुवायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा केलं तेव्हा दगडाच्या छिद्रांत फक्त चकाकी उरली. हातमोजे घातले होते, पण आखूड. मनगटावर एक थेंब पडला आणि जळजळ अशी, की मी बाल्कनीतल्या लोकांसमोर झाडांच्या नळाखाली हात धरून नाचले.

माझी भाची शिकागोत असते. तिच्या गॅरेजच्या दारावर एकदा असंच कुणी स्प्रे मारून गेलं होतं. ३११ या तिथल्या पालिकेच्या तक्रार नंबरवर कळवलं, पालिकेची गाडी आली, पुसून गेली, फुकट. त्या शहराचं १९९३ पासून यासाठी खास पथक आहे. दगड-विटांवर ते खायचा सोडा पाण्याच्या जोरदार झोतात मारतात, बाकी ठिकाणी रंग फासतात. शहरात स्प्रे पेंट विकायलाच १९९२ च्या कायद्याने बंदी केली. रंग कंपन्या कोर्टात गेल्या, पण १९९५ मध्ये अपिलात शहर जिंकलं. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात स्प्रेचे डबे गोळ्यांच्या बरणीशेजारी ठेवलेले असतात. सोड्याचं ऐकून मी अर्धा किलो आणला आणि कार धुण्याच्या मशीनने प्रयोग केला. ते झोतात सोडा मिसळणारं यंत्र वेगळंच असतं म्हणे. माझं नुसतं पिठलं झालं. वॉचमन मामा एक शब्द बोलले नाहीत, फक्त झाडू आणून दिला.

पुन्हा लिहू नये म्हणून काय करायचं, यावर मीटिंग अडीच तास चालली. एकाने सुचवलं, मोठ्या अक्षरांत 'येथे लिहू नये' लिहू. दुसऱ्यांनी देवांच्या टाइल्स बसवा म्हटलं, त्यावर जोशी आजी ताडकन म्हणाल्या, "देवाला काय थुंकणाऱ्यांच्या पहाऱ्याला बसवता?" आणि विषय बंद. वारली चित्रांचं कोटेशन आलं, पण ते आमच्या देखभाल खात्याला परवडणारं नव्हतं. शेवटी दोनच गोष्टी मंजूर झाल्या. गेटजवळ आणि कोपऱ्यावर एकेक एलईडी दिवा, आणि भिंतीच्या पायाशी मधुमालती, कोपऱ्याच्या वळणावर बोगनवेल. वेली जूनमध्ये लावल्या. पहिल्या पावसात मधुमालती गुडघ्याएवढी, दुसऱ्यात भिंतीच्या माथ्यावर. बोगनवेलीचे काटे स्टेन्सिलवाल्या पोराला कसे वाटले ते माहीत नाही, पण त्या वळणावर पुन्हा काही छापलं गेलं नाही.

तरी वर्षातून पाच-सहा वेळा काहीतरी उमटतंच. म्हणून तपकिरी रंगाचा एक डबा मामांच्या केबिनमध्ये ठेवलाय, झाकणावर शेड नंबर मार्करने लिहून, सोबत चार इंची ब्रश. पहाटे साडेपाचला फेरी मारताना काही दिसलं तर लोक फिरायला निघायच्या आत पुसायचं, मला विचारत बसायचं नाही. ऑइलपेंट असेल तरच मला उठवायचं. मागच्या आठवड्यात त्यांनी उठवलं. खाली गेले तर वेलीखाली, दगडावर, बदामात दोन अक्षरं.

"मामा, हा तर खडू आहे."

"हो ना. म्हणून विचारलं, ठेवू का पुसू?"

आभाळ भरून आलं होतं. मी म्हटलं, राहू दे, दुपारपर्यंत पाऊस येईलच.