कल्याण दरवाज्याची वाट आणि अडखळणारी सुई

सिंहगडावर पुणेकर बहुधा आतकरवाडीच्या वाटेने चढतात. परवा आम्ही मात्र जुना कात्रज घाट, खेड शिवापूर, कोंढणपूर असा वळसा घेऊन कल्याण गावाकडून चढलो, कारण अकरावीतल्या भाच्याला घाटातला तांबडा पट्टा दाखवायचा होता. सोबत एक होकायंत्र आणि जुन्या स्पीकरमधून काढलेले चुंबक घेतले होते.

रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात बेसॉल्टच्या दोन काळ्या थरांमध्ये विटेच्या रंगाची माती दबलेली दिसते. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात ती तयार झाली आणि वरून आलेल्या लाव्हाने भाजून निघाली. तिचा रंग हेमॅटाइटचा, म्हणजे आपल्या गेरूचाच. चिमूटभर माती कागदावर घेऊन खालून चुंबक फिरवले, तर एखाददुसरा कण हलला, बाकीची ढिम्म. पुढे ओढ्यातल्या काळसर वाळूत तेच चुंबक घातले आणि क्षणात त्याला मिशा फुटल्या. हे मॅग्नेटाइटचे कण, हेमॅटाइटसारखेच लोहाचे खनिज.

"मामा, गेरूत लोखंड कमी असतं का?"

शंका रास्त होती, पण तसे नाही. शुद्ध हेमॅटाइटमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के लोह असते, मॅग्नेटाइटमध्ये ७२. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. लोहाचा प्रत्येक अणू स्वतः एक इवलेसे चुंबकच असतो. हेमॅटाइटमध्ये त्यांचे दोन तुल्यबळ गट रस्सीखेचीसारखे विरुद्ध दिशांना ओढतात आणि किंचित तिरकेपणामुळे जेमतेम चुंबकत्व शिल्लक राहते. मॅग्नेटाइटमध्येही दोन गट आहेत, परंतु दर तीन अणूंपैकी दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि तिसऱ्याचे बळ मोकळे राहते. या प्रकाराचा सिद्धांत फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेल यांनी १९४८ मध्ये मांडला. १९७० च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचाही वाटा होता.

कल्याण दरवाज्यातून वर आल्यावर एका उघड्या खडकावर होकायंत्र ठेवले. दोन हात सरकवताच सुई भलतीकडे वळली, आणखी सरकवल्यावर पुन्हा जागेवर आली. ताक विकणाऱ्या मावशी आमचा खेळ पाहत होत्या. "काय शोधताय? वीज पडती की हितं पावसाळ्यात," त्या म्हणाल्या. मावशींनी नकळत बहुधा उत्तरच देऊन टाकले होते, कारण विजेचा प्रचंड प्रवाह खडकातून जाताना आजूबाजूच्या मॅग्नेटाइटवर स्वतःचा वेडावाकडा ठसा उमटवतो.

त्याखाली जुना ठसा असतो. शुद्ध मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आले की चुंबकत्व धरते. टायटॅनियम मिसळलेले असेल, तर त्याहून कमी तापमानाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा निवताना त्यातल्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवली. बऱ्याच थरांत ती आजच्या उलट आहे, आणि तिच्या कलावरून कळते की भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. ही दिशा मोजण्यासाठी खडकाचे नमुने माथ्यावरून घेण्यापेक्षा घाटातल्या ताज्या कापलेल्या कड्यातून घेणे बरे, ते या विजेमुळेच.

एक चूक मात्र कबूल करतो. चुंबक कागदात न गुंडाळताच वाळूत घातले होते. मिशा अजून निघालेल्या नाहीत. भाचा रोज जुना टूथब्रश घेऊन बसतो.