एरर नाणी पारखताना : माझा अनुभव

संग्रहात ‘एरर’ (टांकसाळीतच चूक होऊन घडलेली) म्हणून वेगळी ठेवलेली नाणी एकदा नीट पारखून घ्यावीत असे ठरवले, तेव्हा हाताशी दसपट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत तोलणारा वजनकाटा, लोहचुंबक आणि तिरपा प्रकाश पाडणारा दिवा एवढेच साहित्य होते, आणि तेवढे पुरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नाणे घडते कसे, हे डोक्यात पक्के असावे लागते. कोरी चकती कॉलरमध्ये, म्हणजे तिला कडेने धरणाऱ्या कड्यात, बसते आणि वरखालच्या डायांमध्ये (नक्षीच्या ठशांमध्ये) दाबली जाऊन तिच्या दोन्ही बाजू एकाच वेळी उमटतात. समोरचे वैगुण्य या क्रमात नेमके कोठे घडू शकले असते, हे ज्या नाण्याबाबत सांगता येईना, ते मी टांकसाळीच्या चुकांमधून सरळ वगळले.

रेघा असलेल्या नाण्यांचा निकाल लवकर लागला. डायला तडा गेला की धातू त्यात शिरतो, म्हणून नाण्यावरची रेघ उठावदार येते. रेघ खोलगट असेल आणि तिच्या दोन्ही काठांवर धातू वर सरकलेला दिसत असेल, तर तो ओरखडा समजावा. कडेशी डायचा तुकडाच निखळला असेल, तर तेथे नक्षी नसलेला फुगवटा येतो आणि त्याच्या बरोबर मागच्या बाजूची नक्षी बहुधा पुसट राहते, कारण तेथील धातूला पुरेसा दाब मिळालेला नसतो.

कडेचा तुकडा कमी असलेल्या नाण्यांवर मात्र मी बराच वेळ घालवला. पत्र्यातून चकती कापताना ती आधीच्या भोकावर थोडी चढली की चंद्रकोरीच्या आकाराची खाच पडते. अशा एका नाण्यात खाचेजवळची अक्षरे खाचेकडे ओढली जाऊन पुसट होत गेली होती आणि बरोबर समोरच्या बाजूची कड जवळजवळ उठलीच नव्हती. हा ब्लेकस्ली परिणाम. चकतीची कड वर उठवणाऱ्या यंत्रात खाचेसमोरच्या भागाला दाब मिळत नाही, म्हणून तो दिसतो. शेजारच्या नाण्यात अक्षरे खाचेपाशी सुरीने छाटावीत तशी संपत होती आणि समोरची कड भरदार होती, म्हणजे तो तुकडा नाणे तयार झाल्यावर कापलेला. कमी वजन दोन्हींचे होते, त्यामुळे निव्वळ काट्यावर विसंबून येथे निर्णय होत नाही.

दुहेरी अक्षरांनी सर्वाधिक परीक्षा पाहिली. मूळ आकृती डायवर दाबताना दुसऱ्या वेळी ती किंचित सरकली, तर त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर दोन्ही प्रतिमा गोलसर व भरीव येतात आणि अक्षरांच्या टोकांना फाटा फुटतो. 1955 च्या अमेरिकी सेंटवरील तारीख व अक्षरे साध्या डोळ्यांनाही अशी दुहेरी दिसतात. याउलट डाय सैल असल्याने ती दाबाच्या वेळी घसरली, तर अक्षराच्या एका बाजूला चपटी पायरी तयार होते आणि मूळ अक्षर तेवढे अरुंद होते. माझ्याकडची बहुतेक दुहेरी नाणी या दुसऱ्या प्रकारची निघाली. हे टांकसाळीतच घडते खरे, पण संग्राहक त्याला फारसे मोल देत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

रंगावर भुलण्याचे कारण नाही. 1943 चा नेहमीचा अमेरिकी सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचा, सुमारे 2.7 ग्रॅमचा असतो. त्यावर तांब्याचा मुलामा चढवला तरी चुंबक त्याला ओढतोच. त्याच वर्षीचा, चुकून कांस्याच्या चकतीवर पाडलेला अस्सल नमुना सुमारे 3.11 ग्रॅम भरतो आणि चुंबकाला चिकटत नाही. आम्लात टाकलेली नाणी तर भिंगाखाली लगेच उघडी पडतात : पातळ झालेली कड, झिजून बोथट झालेली नक्षी आणि कमी वजन.

शेवटी उरले उलट्या, खोलगट छापाचे नाणे. आधीचे नाणे डायला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याचा आरशातल्यासारखा उलटा छाप उमटतो आणि त्या बाजूला डायची स्वतःची नक्षी येतच नाही. माझ्या नाण्यावर उलट्या अक्षरांखाली मूळ नक्षी दबलेली स्पष्ट दिसत होती आणि मागची बाजूही त्याच जागी चपटी झाली होती. म्हणजे दोन तयार नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) एकत्र आवळलेली. ते मी हानीच्या पाकिटात टाकले, पण फेकून दिले नाही, कारण अस्सल नाण्याशी ताडून पाहायला असे नमुने जवळ असलेले बरे.