अणुबॉम्ब मोजायचे तरी कसे?

परवा तळजाईवर फिरताना ओळखीचे एक काका म्हणाले, अहो आता उपग्रह आहेत, कोणी अण्वस्त्रं कमी करायचा करार मोडला तर वरून लगेच दिसेल की. तिथे सगळं बोलणं झालं नाही म्हणून इथे लिहितोय, कारण असं बऱ्याच जणांना वाटतं.

वरून सायलो (क्षेपणास्त्र ठेवायची जमिनीतली विहीर) दिसतो, गोदीतली पाणबुडी दिसते, बॉम्बर दिसतात. वॉरहेड, म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकातला प्रत्यक्ष बॉम्ब, नाही दिसत, ते कुठल्याही साध्या शेडमध्ये मावतं. म्हणून अमेरिका-रशियाच्या न्यू स्टार्ट या अण्वस्त्र मर्यादा करारात माणसं प्रत्यक्ष जायची, वर्षाला १८ तपासण्या. तैनात वॉरहेडची मर्यादा १५५०, पण निरीक्षकांसमोर ती झाकलेली असायची, त्यांनी नुसती मोजायची, आणि बॉम्बर विमान तर सरळ एक वॉरहेड म्हणून धरायचं. गोदामात पडलेली तर मोजणीतच नाहीत! मार्च २०२० ला कोविडमुळे तपासण्या थांबल्या त्या परत सुरूच झाल्या नाहीत, २०२३ मध्ये रशियाने आपला सहभाग स्थगित केला आणि कराराची मुदत तर ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती.

बरं, झाकण काढून का बघत नाहीत? इथेच खरी गोची आहे. वॉरहेडमधून निघणारे गॅमा किरण नीट मोजले तर आत कुठलं युरेनियम, कुठलं प्लुटोनियम हे कळतं, १९८९ मध्ये काळ्या समुद्रात सोव्हिएत 'स्लावा' जहाजावर अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते करूनही दाखवलं. पण मोजमाप जितकं चांगलं तितकं डिझाइनचं गुपित बाहेर, आणि ते कुठलाच देश देणार नाही. मग उपाय असा निघाला की यंत्राने आतल्या आत मोजायचं आणि बाहेर फक्त हिरवा किंवा लाल दिवा दाखवायचा. पण ते यंत्र बनवणार कोण? यजमानाने (ज्याचा बॉम्ब त्या देशाने) बनवलं तर पाहुण्याला (तपासायला आलेल्याला) वाटणार हिरवा दिवा आधीच ठरवून ठेवलाय, पाहुण्याने बनवलं तर यजमानाला वाटणार आत डेटा साठवतोय. मला तर हा प्रश्न रॉकेट बनवण्यापेक्षा अवघड वाटतो, आणि यावर काम करणारे लोक जगात फार थोडे आहेत याचं खरंच वाईट वाटतं.

अणुचाचण्या पकडणं त्या मानाने सोपं. कोयनेचा हादरा आपल्याला पुण्यात जाणवतो तसा स्फोटाचाही जमिनीतून लांब जातो, आणि भूकंप आणि स्फोट यांच्या लाटा वेगळ्या ओळखता येतात. तरी १३ मे १९९८ ला पोखरणला केलेले एक किलोटनपेक्षा लहान दोन स्फोट बाहेरच्या भूकंपकेंद्रांना सापडलेच नव्हते.

आपल्याकडे काय? एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याच्या १९८८ च्या करारानुसार भारत-पाकिस्तान दर १ जानेवारीला एकमेकांना अणुकेंद्रांची यादी देतात, १९९२ पासून, कितीही वैर असलं तरी. पण ती बरोबर आहे का हे बघायला कोणीच कोणाकडे जात नाही. निदान एखाद्या नागरी अणुभट्टीला तरी दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांनी भेट द्यावी, बॉम्बपर्यंत जायचीही गरज नाही, एवढं तरी आत्ता मागायला काय हरकत आहे?