शेवटच्या घराचे मत

गावाला पाणी नीट मिळते का, या प्रश्नाचे उत्तर आमच्या गावात घरागणिक बदलते. ते का बदलते हे समजून घेण्यात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सदस्य म्हणून माझी तीन वर्षे गेली. खाडीकडच्या उतारावर राहणारी माणसे पुरवठा सुरळीत असल्याचे सांगतात आणि ते खोटे बोलत नाहीत, कारण उतारावरच्या नळांना पाणी आधी आणि जोराने येते. वरच्या वाडीत, सड्याच्या, म्हणजे उंचावरच्या खडकाळ पठाराच्या, कडेला असलेल्या शेवटच्या घरात मात्र खालचे नळ बंद झाल्याखेरीज थेंब येत नाही. तिथल्या काकी एकदा मला म्हणाल्या, "पाणी येतं गो, पण कधी येतं ते आम्हाला कोण सांगतं?"

त्यांची तक्रार पाणी कमी असल्याची नव्हती, वेळ ठाऊक नसल्याची होती. पाण्याची वाट पाहत बसलेल्या बाईला काजू वेचायला जाता येत नाही आणि मजुरीचा दिवसही बुडतो. गावातल्या घराघरांत नळाने पाणी पोहोचवण्याच्या केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनने 2019 साली माणशी रोज 55 लिटरचे प्रमाण ठरवले. पाच माणसांच्या घराचे हे 275 लिटर होतात, म्हणजे सुमारे 15 लिटरचा हंडा धरला तर 18 हंड्यांहून थोडे अधिक. अंदाजपत्रकात टाकीची क्षमता आणि लोकसंख्या यांचा भागाकार बरोबर येतो, परंतु ते 18 हंडे शेवटच्या नळाला किती वाजता मिळतील याचा रकाना मी कुठल्याही कागदावर पाहिलेला नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरीही एप्रिल-मे महिन्यांत काही वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. इथला जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे त्यात मुरलेले पाणी झऱ्यांवाटे लवकर निघून जाते, आणि सह्याद्रीत उगम पावणाऱ्या आमच्या आखूड नद्या ते थेट समुद्राला नेऊन घालतात. नेमक्या त्याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी येतात, वर्षभर कुलूप असलेली घरे उघडतात आणि विहीर तळाला गेलेली असताना मागणी वाढते. सर्वांत कडक टीका तेच करतात. त्यांना मी दोष देत नाही, पण वर्षातल्या पंधरा दिवसांवरून बनलेले ते मत असते. पारावर चर्चा निघाली की कोयनेचे अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेले पाणी, वाशिष्ठी नदीतून समुद्राला जाते, ते का अडवत नाहीत, इथवर ती पोहोचते. प्रश्न मोलाचा आहे, परंतु एकदा अशी चर्चा रंगली त्या आठवड्यात आमच्या गावचे पाणी बंद होते ते पंपाचा स्टार्टर जळाल्यामुळे, आणि थकलेल्या पाणीपट्टीमुळे दुरुस्तीला पैसे नव्हते म्हणून.

लोकांच्या मताला मी मान देते, तरी पाण्याच्या शुद्धतेबाबत ते मत पुरेसे नाही असे अनुभवाने म्हणावे लागते. टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी जंतुमुक्त करणारी क्लोरीनची पूड, नीट पडली की दुसऱ्या दिवशी "पाण्याला औषधाचा वास येतो" अशी ओरड होते, आणि पावडर संपली की सारे समाधानी असतात. नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. ते आहे की नाही हे जिभेला नव्हे, ओटी टेस्टच्या, म्हणजे क्लोरीन तपासणाऱ्या द्रावणाच्या, पिवळ्या रंगाला विचारायचे असते. म्हणून शुद्धतेचा निवाडा चाचणीवर सोडावा. वेळेचा निवाडा मात्र नळाखाली हंडा लावणाऱ्या बाईनेच करावा, कारण तो दुसऱ्या कोणाला करताच येत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1989 साली पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडे गेला. तिथली ऑफवॉट ही नियामक संस्था 2020 पासून ग्राहकांच्या अनुभवाचे गुण काढते आणि त्या गुणांवरून कंपनीला बक्षीस किंवा दंड ठरतो. त्या कंपन्यांवर तिथे रोष आहेच, त्यामुळे ती व्यवस्था इथे आणा असे मी सुचवत नाही. परंतु तिथे लोकांचे मत निदान नोंदले जाऊन हिशेबात धरले जाते, आणि आमच्याकडे ते पाणंदीत बोलले जाऊन तिथेच विरते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती बहुतेक वेळा सह्यांपुरती होते, तेही अशा वेळी की वरच्या वाडीतल्या बायका पाण्याची वाट पाहत घरीच असतात.

म्हणून यंदा एप्रिलपासून आम्ही तीन घरांत वह्या ठेवल्या आहेत: जलवाहिनीवरचे पहिले घर, मधले घर आणि काकींचे शेवटचे घर. पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले आणि गढूळ होते का, एवढेच त्यात लिहायचे. काकींना लिहिता येत नाही, त्यांची नात लिहिते. पहिल्या महिन्याच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर पाणी सोडणाऱ्या दादांनी स्वतःच सुचवले की आठवड्यातून दोन दिवस वरच्या वाडीचा व्हॉल्व्ह आधी उघडून पाहू. ते मंगळवार आणि शुक्रवार ठरले. टाकीच्या भिंतीवर आता ते वार आणि वेळ रंगाने लिहिलेले आहेत, आणि तिन्ही वह्या पुढच्या ग्रामसभेत मी वाचून दाखवणार आहे.