आधी उभा नमुना दाखवा

लेझर पावडर क्लॅडिंगने, म्हणजे लेझरने धातूची पावडर वितळवून थरावर थर चढवत, घडवलेल्या भागाचा टेस्ट रिपोर्ट आला की ताकदीचा आकडा मी सगळ्यात शेवटी वाचते. नमुना कोणत्या दिशेने कापलाय आणि तुटण्याआधी किती लांबलाय, हे आधी.

ताकद बहुतेक वेळा चांगलीच निघते. ॲनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) ३१६एल स्टेनलेसला यील्ड स्ट्रेंथ, म्हणजे धातूचा आकार कायमचा बदलायला लागतो तो ताण, किमान १७० मेगापास्कल लागते. थरावर थर चढवलेलं तेच स्टील ३००-४०० पर्यंत सहज जातं. वितळलेल्या धातूचं डबकं इवलंसं, खाली घट्ट धातू. ते सेकंदाला हजारो अंशांनी गार होतं आणि आतली रचना फार बारीक राहते.

गोम आहे उभ्या दिशेत, म्हणजे थर एकावर एक चढतात त्या दिशेत. लेझरची पॉवर कमी पडली, वेग वाढला किंवा शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर पुरेशा चढल्या नाहीत, की थर एकजीव होत नाहीत. मध्ये चपट्या, टोकदार कडांच्या पोकळ्या उरतात, थरांना समांतर पसरलेल्या. आडवा नमुना ओढला तर त्यांचा फारसा उपद्रव होत नाही. उभा ओढला की नेमक्या त्याच फाकतात. यील्ड जवळपास तेवढंच येतं, पण लांबण्याची टक्केवारी कोसळते. पावडरच्या कणांत अडकलेल्या वायूची गोल छिद्रं त्यामानाने निरुपद्रवी. म्हणून ‘घनता ९९.५ टक्के’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. उरलेल्या अर्ध्या टक्क्याचा आकार कसा आहे? फटीगमध्ये, म्हणजे ताण पुन्हा पुन्हा येत राहिला की, पृष्ठभागालगतची एक चपटी पोकळीसुद्धा भेग सुरू करायला पुरते.

इन्कोनेल ७१८ या निकेलच्या मिश्रधातूची कथा वेगळी. गोठताना त्यातलं नायोबियम डेंड्राइटच्या (फांद्यांसारख्या वाढणाऱ्या स्फटिकांच्या) फटींमध्ये साचतं, तिथे लाव्हेस फेज नावाचं ठिसूळ संयुग तयार होतं आणि ताकद देणाऱ्या कणांसाठी नायोबियम कमी पडतं. थेट एजिंग (ताकद देणारे कण तयार करणारी उष्णता-प्रक्रिया) करून ही फेज जात नाही. आधी १०८० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर तापवून ती विरघळवावी लागते.

दुरुस्तीच्या कामात तर नमुना नुसत्या क्लॅडिंगचा घेऊच नये. जुन्या आणि नव्या धातूचा जोड नमुन्याच्या मधोमध हवा. जुना शाफ्ट मध्यम कार्बन स्टीलचा असेल तर जोडाखालच्या पट्टीत मार्टेन्साइट, म्हणजे झटकन गार झालेल्या स्टीलची कडक, ठिसूळ रचना, होतं. तिथली कडकपणाची मोजणी क्लॅडिंगपासून मूळ धातूपर्यंत ओळीने, जवळजवळ ठसे घेऊन केलेली मला हवी असते, आणि प्रीहीट (क्लॅडिंगआधी भाग तापवणं) किती अंशांचं केलं तेही रिपोर्टात लिहिलेलं.